चार बोटं जास्तीचं कापड

"काका जाऊन आठ महिने झाले, मग परवा दुकानाच्या ॲपमध्ये अस्तराचं माप त्यांनी कसं बदललं?"

हा प्रश्न मी सकाळी, सगळे जेवणाच्या टेबलाशी असताना विचारला. पैज मैत्रिणींची होती. त्यांच्यातल्या एकीची आई आमच्या पडद्यांच्या दुकानात शिलाईला आहे. ॲपमध्ये कोणी काही बदललं की तिच्या फोनवर सूचना येते आणि खाली बदल करणाऱ्याचं नाव असतं. नाव माझ्या काकांचं. तुझे काका वरून कामावर येतात का, घरी विचारून दाखव, असं म्हणून त्या खिदळल्या होत्या. वर्गात मला भोंगा म्हणतात. भोंगा मागे हटत नाही.

बाबा म्हणाले, दादाने तशी सोय करून ठेवलीय, ते आपोआप होतं. आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. काकूने अर्धा राहिलेला चहा मोरीत ओतला आणि ती वर गेली.

आमच्या घरात ते ॲप म्हणजे काकांचं स्मारकच. कोड न लिहिता, तयार चौकोन ओढून एकमेकांना जोडले की ॲप तयार होतं, अशी एक सोय मिळते. त्यावर काकांनी ते बनवलं, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जायचं. खिडकीचं माप टाकलं की कापड किती फाडायचं, शिवायला कोणाकडे द्यायचं, टांगायला कधी जायचं, सगळं फोनवर. दुकानात काकांचा फोटो आहे. त्याच्याखाली उभं राहून बाबा म्हणायचे, "दादाचं डोकं म्हणजे डोकं."

मी काकूच्या मागोमाग वर गेले. ती खिडकीशी बसली होती. हातात काकांचा जुना फोन, फुटक्या कव्हरला रबर लावलेलं.

"आपोआप काही होत नसतं गं," ती म्हणाली. "भातसुद्धा नाही."

मग तिने मला चौकोन दाखवले. मापाचा चौकोन, कापडाचा, कारागिराचा. सहा वर्षं दुपारची भांडी आवरली की ती हे जोडत बसायची. एका चौकोनात गिऱ्हाइकाला प्रश्न होता, 'खिडकीत ऊन येतं का?' त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. उन्हाच्या खिडकीला पातळ अस्तर दिलं तर कापड वर्षात विटतं, हे काकांना ठाऊकही नव्हतं. त्यांना पासवर्डसुद्धा काकूच सांगायची.

मी विचारलं, मग नाव त्यांचं का?

"बायको मापं ठरवते म्हटल्यावर कटिंग मास्तर हसले असते. हे म्हणाले, माझंच नाव घाल. पुढे बदलायचं राहून गेलं." तिने फोन पदराला पुसला. "आणि आता बदलवत नाही. सूचनेत यांचं नाव दिसलं की वाटतं, दुकानातच आहेत, येतील जेवायला."

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला. पण मला वाटलं, घरच्यांना खरं कळलं की ते काकूला डोक्यावर घेतील. मी धाडधाड जिना उतरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. मग ते वर गेले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "वहिनी, तो फोन दुकानाचा आहे. दुकानात राहिलेला बरा."

काकूने फोन दिला. रबरही परत मागितलं नाही.

त्या रात्री आईकडून मला कळलं की बाबांचं काकूच्या भावाशी आधीच बोलणं झालं होतं. मूल नाही, माणूस गेला, आता ती इथे कोणाची, हा हिशेब दोन्ही घरांत कधीच झाला होता. फक्त काकांच्या माघारी ॲप कुठून चालतं ते बाबांना कळेना म्हणून तिचं जाणं अडलं होतं. ती अडचण मी दूर केली. मी, भोंग्याने.

गुरुवारी मी शाळेतून आले तर वरची खोली झाडून ठेवलेली, काकू तिच्या भावाकडे गेलेली. आई म्हणाली, जाऊबाईंनी तुला सांगितलंय, नीट जेवत जा. आईचे डोळे सुजले होते, पण तिने अडवलं नव्हतं.

महिन्याभरात एका प्रसूतिगृहाचे बावीस पडदे परत आले. दोन धुण्यांतच ते आखडून खिडकीच्या खालच्या कडेच्या वर चढले होते. बाळंतिणींच्या खाटा बाहेरून दिसत होत्या. बाबा कटिंग मास्तरांवर चिडले. मास्तर खाली मान घालून म्हणाले, "शेठ, मापात चार बोटं जास्तीची असायची. तुम्हीच नासाडी म्हणून काढायला लावलीत. ती वहिनींची होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

सगळ्यांना माहीत होतं. फोटोखाली उभं राहून मान डोलावणाऱ्या सगळ्यांना.

त्या संध्याकाळी बाबांनी फोन माझ्यापुढे ठेवला. चेहरा उतरला होता त्यांचा. म्हणाले, तू हुशार आहेस, हे शिकून घे, घरातलं काम घरात राहील.

मी कापडाचा चौकोन उघडला. आत काकूने एक टीप लिहून ठेवली होती: 'चार बोटं जास्त. काढू नये. पडदा एकदाच विकत घेतात, धुतात मात्र आयुष्यभर.' टिपेखाली काकांचं नाव. त्याच्याखाली शेवटचा बदल, 'चार बोटं काढली.' तिथेही काकांचंच नाव. बाबांची चूकसुद्धा बिचाऱ्या काकांनी केली होती.

मी फोन बंद केला आणि आईबाबांच्या मधोमध ठेवला.

"मी याला हात लावणार नाही," मी म्हणाले. "उद्या शाळा सुटली की मी काकूकडे जाणार आहे. आधी माफी मागीन. मग विचारीन, तुझ्या नावाने, तुझ्या पगारावर, तुझ्या खोलीत परत येतेस का."

"आणि त्या नाहीच आल्या तर?" आईने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तर हे काम मी तिच्याकडे जाऊन शिकेन आणि बाहेर करीन, माझ्या नावाने. या दुकानात नाही. कारण उद्या मीही कोणाच्या तरी घरी काकू होणार आहे, आई. आणि तूही याच घरातली सून आहेस. बाबा, मी पाच वाजताच्या बसने जाईन. तुमच्यापैकी कोणी येणार असेल तर या, नाहीतर मी एकटी जातेय."