माइकचं टोपडं

काल पुतणीनं होडी बांधणाऱ्या सुताराला दोन तास बोलतं केलं, आणि घरी येऊन ऐकलं तर नुसती फर्रफर्र. वाऱ्यानं सुताराचा एक शब्द शिल्लक ठेवला नव्हता. फिल्मचं हे तिचं पहिलंच काम, परवा द्यायचं. सुतार आज दुपारी महिनाभरासाठी लेकीकडे निघणार. माइकला घालायचं केसाळ आवरण यायला आठवडा लागेल, असं दुकानदार म्हणाला.

तिच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या भाऊजींच्या, घरातल्या सपाता लांब केसांच्या. मी नुसतं पाहिलं, तर त्यांनी पाय खुर्चीखाली ओढले. शेवटी लेकीसाठी एक दिली. उरलेलीचं आता लोणचं घालू का, ही कुरकुर मात्र चालूच. मी मिळालेली सपात धुतली. वाऱ्यानंच तासाभरात वाळवून दिली. केस तुटू नयेत म्हणून उलट बाजूनं ब्लेडनं कापली आणि शिवायला बसले. घरातल्या सगळ्या बाळांची टोपडी माझ्या हातची. हात त्याच वळणावर गेला आणि आतून दुहेरी सुती अस्तर लावून बसला.

गच्चीवर पुतणी म्हणाली, काहीही बोल. माझा रोजचा पाठ राहिला होता, तोच म्हटला. ऐकलं तर वारा गेला होता, पण मीही गेले होते. गोधडीत तोंड खुपसून कोणी पुटपुटावं तसं.

"वहिनी, हा देवापर्यंतसुद्धा पोचला नसेल," भाऊजी म्हणाले. "परत म्हणा."

पुतणीनं आत बोट घातलं. "काकू, हे अस्तर कशाला?"

"गार लागू नये म्हणून."

ती हसत खालीच बसली. "अगं, त्याला थंडी वाजत नाही. त्याला ऐकायचं असतं."

अस्तर उसवलं, शिवणीत अडकलेले केस सुईनं बाहेर ओढले आणि दोघी धावत किनाऱ्यावरच्या कारखान्यात गेलो. सुताराची पिशवी भरलेली. तेच तेच बोलायला मी काय पोपट आहे, म्हणाला. पुतणीचा चेहरा उतरला. मी हळूच सांगितलं की काल तुमचं बोलणं वाऱ्यानं एकट्यानंच ऐकलं, आम्हाला काही मिळालं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गाडी येईपर्यंत बोलतो म्हणाला.

ताडपत्री फडफडत होती. पुतणीनं हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले. सुतार शेजारी बसल्यासारखा स्पष्ट बोलत होता: "फळीला वाफ द्यायची आणि वाट बघायची. ती आपणहून वाकते."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सुतारानं तिकडे न बघताच हातानं थांब म्हटलं आणि पुढच्या फळीकडे वळला.