आबासाहेबांच्या मागचा माणूस

“या वाघाचं काही करता येईल काय, मास्तर?”

गुणवंतरावांनी हातातली काठी उचलली आणि तिचं टोक चित्रातल्या वाघाच्या नाकावर टेकवलं. काठी रंगाला लागलेली पाहून डोमाजी चितारी अर्धं पाऊल पुढे सरकला. पण चित्र त्यांनीच करवून घेतलेलं, भिंत त्यांची, काठीही त्यांची. तो एवढंच म्हणाला, “काही म्हणजे काय, मालक?”

“म्हणजे दुसरं जनावर काढ. गरीब पाह्यजे. मतासाठी रोज शंभर माणूस येऊन बसते या बैठकीत. पयले नजरेत काय येते? बाबाची बंदूक आन् मेलेला वाघ. तिकडं तो विरोधातला सभेत सांगून राह्यला, का मालगुजारायच्या घरी अजून बंदुकीचीच पूजा होते.”

सत्तावन्न सालचा जानेवारी होता. मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी पळसबोडीत गुणवंतरावांना सगळे मालकच म्हणत. आता मालक निवडणुकीला उभे होते.

डोमाजीनं चित्राकडे पाहिलं. माणसाच्या उंचीचं तैलचित्र. मध्ये खुर्चीवर आबासाहेब, म्हणजे गुणवंतरावांचे वारलेले वडील. डोक्याला फेटा, मांडीवर बंदूक, पायाशी वाघ.

“बंदुकीच्या जागी चरखा बसंल,” तो हळूहळू म्हणाला. “फेटा झाकून टोपी देता येईल. वाघाचे पट्टे मिटवून पांढरे ठिपके दिले तर चितळाचं पाडस होईल. पण ते मेलेलं दिसंल, मालक.”

“मंग मान वर करून दे. बाबा त्याले गोंजारून राह्यले, असं दाखव.”

अकरा वाघ मारून प्रत्येकाच्या नख्या चांदीत मढवलेला म्हातारा आता हरणाचं पिल्लू गोंजारणार होता. डोमाजीला हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. तेवढ्यात काठी सरकली आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबली.

“आन् याले पार काढून टाक. इथी झाड-गिड दे एखादं.”

काठीच्या टोकाशी सुकलू उभा होता.

डोमाजीचे वाडवडील पोळ्याचे लाकडी नंदी आणि देवळातल्या मूर्ती रंगवत आले होते. तोच एकटा नागपूरला जाऊन तैलरंग शिकला. एकोणपन्नास साली गुणवंतरावांनी त्याला वडिलांचं चित्र सांगितलं, तेव्हा म्हातारा मरून वर्ष होत आलं होतं. हाताशी होता तो एक पिवळा पडलेला फोटो. त्यावरून केलेले आबासाहेब हुबेहूब झाले, पण लाकडी नंदीसारखे. सारं घर खूश झालं. डोमाजीला मात्र ठाऊक होतं, की या चित्रात जीव नाही.

मग मागच्या बाजूला एक हाकेवाला हवा असं ठरलं. शिकारीत आरडाओरडा करून, डबे वाजवून वाघाला झाडीतून उठवायचं आणि बंदुकीपुढे आणायचं, हे हाकेवाल्यांचं काम. कोसमटोल्याचा सुकलू गोंड त्यांच्यात पुढारी. तो हातात काठी घेऊन पंधरा दिवस अंगणात उभा राहिला. राहिला कसला, सारखा या पायावरचा त्या पायावर व्हायचा. “वाघ आला तरी मी एवढा चूप उभा नाई रायलो, मास्तर,” म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. ते हसू संपत आलेलं असताना ओठांच्या कडेला जे उरतं, ते डोमाजीनं बरोबर धरलं. ढिला सोडलेला एक गुडघा धरला. ते तीन बोटांचं तोंड काढताना आपण चित्रकार आहोत, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा पटलं.

त्रेपन्न साली नागपूरचे कोणी पाहुणे शिकारीला आले. त्यांच्या गोळीनं वाघ नुसता जखमी झाला. गुणवंतरावांनी सुकलूला त्याच्या मागावर झुडपात पाठवलं. संध्याकाळी त्याचं प्रेत बाजेवर घालून टोल्यावर, त्याच्या वस्तीवर, नेलं. कागदोपत्री मात्र तो बांबू तोडायला गेला होता.

तेव्हापासून सुकलूची बायको सुकरी चामोर्शीच्या बाजाराला जाताना दर आठवड्याला पळसबोडीत थांबे. बैठकीच्या उंबऱ्याशी बसे, चित्राकडे पाही, घटकाभरानं उठून जाई. ना रडे, ना काही मागे. नवऱ्याचं तोंड जगात दुसरीकडे कुठंच नव्हतं.

“ती बाई येते अजून?” डोमाजीनं विचारलं.

“येते ना! म्हणून तर,” गुणवंतराव चिडून म्हणाले. “चार मोठी माणसं बसली असतात आन् ही येऊन थेट समोर बसते. लोक विचारते, कोण आहे, काऊन बसली? काय सांगू मी त्याईले?”

“मालक, वाघ घालवतो, बंदूक घालवतो. म्हणाल ते करतो. तेवढ्या एकाले राहू द्या.”

“काऊन?”

“तेवढंच चांगलं झालं आहे त्याच्यात.”

गुणवंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू बैलानंच नांगरटीबद्दल मत दिलं होतं. “चित्र कोणाचं आहे, मास्तर?”

“तुमचं.”

“मंग?”

“तेवढा कोपरा कापून तरी द्या. तिले देऊन टाकतो. चौकट मी बारकी करून आणतो.”

“आन् ते घेऊन ती बाजारात बसली म्हणजे? तू पोटासाठी काम करतो का माह्या विरोधात?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “शाळेत तुले कायम करायचा कागद माह्या सहीसाठी आला आहे. पाच वर्षं झाली नाई काय?”

चामोर्शीच्या शाळेत डोमाजी ड्रॉइंग मास्तर होता आणि त्या शाळेचे अध्यक्ष गुणवंतराव होते. दर उन्हाळ्यात त्याची नोकरी सुटे आणि पावसाळ्यात त्यांच्या मर्जीनं पुन्हा लागे.

घरी आल्यावर त्यानं बायकोला, भागीरथेला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मले काऊन सांगता? मी नको म्हटलं तर नाई करणार काय?”

तो चुलीतलं लाकूड उगाच आत सरकवू लागला.

“तर मंग माह्या तोंडून हो काढू नका,” ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवर पेटी बांधून पळसबोडीला जाऊ लागला. चित्र भिंतीवरून उतरवून ओसरीत टेकवलं होतं. टोपी एका दिवसात झाली. चरख्याला दोन दिवस लागले. पाडसाची मान काही केल्या जिवंत होईना, पण गुणवंतरावांना ते फार आवडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून ते म्हणू लागले, “बाबाले जनावरायची भारी माया!”

मग कोपरा आला. डोमाजीनं सुकलूचे पाय आधी झाकले, मग ढिला गुडघा, मग काठी धरलेला हात. त्या जागी सागाचं खोड वर वर चढत गेलं. गळ्यापर्यंत आल्यावर त्याचा हात थांबला. त्याच्या घराण्यात डोळे सगळ्यांत शेवटी काढायचा रिवाज होता. मिटवताना कशापासून सुरुवात करायची, हे कोणी शिकवलं नव्हतं.

“मास्तर!”

त्यानं वळून पाहिलं. डोक्यावरची टोपली उतरवत सुकरी पायरीशी उभी होती. बाजाराचा दिवस आहे, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

ती जवळ आली. सागाच्या खोडावर नवऱ्याचं नुसतं तोंड पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. मग डोमाजीच्या हातातला कुंचला दिसला आणि आठी गेली.

“नव्यानं काढून राह्यले काय त्याले?”

“हो,” डोमाजी म्हणाला. “काढून राह्यलो.”

एकच शब्द. तिला त्याचा एक अर्थ कळला, त्याला दुसरा.

“बेस केलं. रंग उडून राह्यला होता पायाचा. मी मालकाले सांगणार होती, पण माह्यं कोण आयकते?” ती तिथंच जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच एवढं बोलत होती. “एक सांगू काय, मास्तर? राग नोका येऊ देऊ. त्याच्या भुवईवर खूण होती. बोरीचा काटा लागला होता लायनपणी. ते तुमी नाई काढली तवा. मी दर खेपी पायतो, आन् मले वाटते, आता सांगू का मंग सांगू.”

“कोणत्या भुवईवर?”

तिनं स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. “इथी. अस्सी आडवी.”

डोमाजीनं बारीक कुंचला उचलला. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं. किंचित पांढरा, किंचित गेरू. भुवईच्या केसांत एक आडवी रेघ.

“लायन करा थोडी. हां. बस.”

ती वाकून पाहत राहिली. मग तिनं तोंडावर पदर धरला आणि पदराआडून म्हणाली, “आता तो झाला.”

टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराच्या वाटेला लागली. शेवटच्या वळणावर तिचं लुगडं दिसेनासं होईपर्यंत डोमाजी पाहत होता. आतून गुणवंतरावांनी हाक दिली, “मास्तर, आज संपव बरं का! उद्या माणसं येणार आहेत.”

त्यानं रुंद कुंचला घेतला. भुवईवरची खूण अजून ओली होती. वरून रंग ओढताच ती सागाच्या तपकिरीत मिसळून गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पळसबोडीकडे फिरकला नाही. शाळेत मुलांना आंबा काढायला लावून खिडकीशी बसून राहिला. मालकांचा घरगडी मंगरू दोन दिवसांनी नोकरी कायम झाल्याचा कागद घेऊन आला, त्यानं आपणहून सांगितलं.

“ती सुकरी आली होती. लय वेळ उभी रायली. मंग मले म्हणते, भाऊ, थोडी चौकट पुढं कर. मी केली, तर हिनं मांगं डोकावून पाह्यलं. म्हणे, मांगं गेला काय.” मंगरू हसणार होता, पण मास्तरचं तोंड पाहून थांबला. “मी म्हटलं, बाई, मिटवला त्याले. तर म्हणे, कोणी? म्हटलं, मास्तरनं. तर म्हणे, नाई, मास्तरनं नाई. मास्तरनं तर खूण काढून देली मले.”

डोमाजीनं कागदाची घडी करून खिशात घातली. त्या कागदासाठी पाच वर्षं वाट पाहिली होती. तो त्यानं भागीरथेला दाखवला तो सुद्धा तिसऱ्या दिवशी.

निवडणुकीत गुणवंतराव पडले. थोडेथोडके नाही, चांगले पडले. टोले तर सगळे विरोधात गेले होते. चैत्र सरता सरता त्यांनी डोमाजीला बोलावून घेतलं. महिनाभरात दहा वर्षं म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

“हे सोंग पुसून काढ,” चरख्याकडे हात करून ते म्हणाले. “हसते लोक. माह्या बाबाची बंदूक दे परत. वाघ दे. होतं तसं कर सगळं.”

“आन् मागचा?”

“तोही दे. शोभा होती त्याच्यानं.”

‘तोही दे’ एवढं ऐकायला डोमाजी कोसभर धावत गेला असता. त्यानं टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि सागाचं खोड हलक्या हातानं पुसायला लागला. वरचा रंग निघाला आणि त्याच्यासोबत खालचाही निघाला. वाघ, बंदूक, फेटा पुन्हा काढता येत होते, कारण ते कोणाचेही चालले असते. तोंडाच्या जागी मात्र कापडाची वीण दिसू लागली. त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं. हसू आठवलं, ज्या तोंडावर ते होतं, ते आठवेना.

गुणवंतरावांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “त्यात काय? उभा कर कोणालेही.” आणि त्यांनी बैलांना पाणी पाजायला निघालेल्या वारलूला हाक मारली.

वारलू कोसमटोल्याकडचाच तरणा गडी. वैशाखाच्या उन्हात तो काठी घेऊन अंगणात उभा राहिला. डोमाजीनं कोळशानं खांदे काढले, मान काढली. तोंडाला हात घालणार, तेवढ्यात फाटकातून सुकरी आत आली. चित्र पुन्हा पहिल्यासारखं करतायत, हे तिला बाजारात कळलं असावं.

तिनं आधी चित्र पाहिलं. मग डोमाजीला पाहिलं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, मीच मिटवला होता. माह्याच हातानं.”

ती वारलूकडे वळली.

“लगन झालं तुह्यं?”

“झालं ना.”

“लेकरं?”

“एक पोरगी आहे.”

“मंग काठी ठेव आन् घरी जाय.”

वारलू हसला. “मालकानं उभं केलं, काकी. नुसतं चित्र तर आहे.”

“तोही असाच हसत व्हता,” सुकरी म्हणाली. “या जागी नोको उभा राहू, बापू. जाय.”

वारलूनं डोमाजीकडे पाहिलं. डोमाजी कोळसा बोटांत धरून तसाच होता. त्यानं मानेनंच फाटकाकडे खूण केली. वारलूनं काठी भिंतीला टेकवली आणि मागं न पाहता चालू लागला.

गोठ्यापुढे मालकांची बैलजोडी तहानलेली उभी होती आणि दगडी डोणी कोरडी ठणठणीत होती. सुकरीनं ते पाहिलं. वारलूला कोणी बोल लावायला नको, असं तिच्या मनात आलं असावं. तिनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि विहिरीत बादली सोडली. एकामागून एक बादल्या ती डोणीत ओतत राहिली. बैलांचं पिऊन झालं, तेव्हा बादली जागेवर पालथी घालून, हात लुगड्याला पुसून ती निघून गेली.