नकाराचा डबा

फोटोवाल्याचा एकच नियम होता. रस्त्यावर कुणाचा फोटो काढला की जवळ जाऊन विचारायचं, "तुमचा फोटो काढलाय. ठेवू का?" 'नको' आलं की ती निगेटिव्ह डब्यात. लोक खोडी काढायचे, "मग डोंगरालाही विचारतोस का?" तो म्हणायचा, "चार तास समोर बसतो. नको असेल तर तो ढगाआड जातो."

डब्यातलं काही जाळायला त्याचा हात धजत नसे, छापायचा मोह मात्र होई. म्हणून डबा त्याने थोरल्या बहिणीच्या कपाटात ठेवला होता. स्वतःच्या मनापेक्षा ताईच्या कुलपावर त्याचा भरवसा जास्त.

पहिलं प्रदर्शन लागलं आणि नेमका तो तापाने फणफणला. मांडामांड ताईनेच केली. तिसऱ्या दिवशी तो दालनात शिरला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. समोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो होता, बसथांब्यावर चपला हातात घेऊन रडणाऱ्या शिवणकामवालीचा. गेल्याच महिन्यातला. नोकरी गेल्याचं घरी सांगितलं नव्हतं, म्हणून तिने हात जोडून 'नको' म्हटलं होतं.

"ताई, हा डब्यातला आहे."

"अरे, तुझा सगळ्यात चांगला फोटो तो! मीच मोठा छापून घेतला. वीस वर्षं उन्हातान्हात उभा राहिलास, कुणी ओळखतं तुला? आता बघ, लोक हलत नाहीत तिथून."

"तुला सांभाळायला दिला होता."

"तुझ्या भल्यासाठीच केलं ना!"

कुंपणानेच शेत खाल्लं, आता दाद कुणाकडे मागायची? परक्याने केलं असतं तर तो कडाकडा भांडला तरी असता. ताईने केसाने गळा कापला होता, आणि वर कौतुकाने हसत होती.

तो फोटो उतरवत असतानाच शिवणकामवाली दारात आली.

"शेजारणीने इथून जाऊन माझ्या सासूला सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही तर शब्द दिला होता."

'मी नाही, ताईने' हे त्याच्या ओठांवर आलं आणि तिथेच विरलं. हिने शब्द त्याच्याकडून घेतला होता. ताईला ती ओळखतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीच्या रस्त्याने निघाला. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याचे त्याने आजवर डझनभर फोटो काढले होते. दर वेळी तो म्हणायचा, "ठेव की, माझं काय जातंय!"

आज कॅमेरा नुसता गळ्यात होता. घड्याळवाल्याने त्याला येताना पाहिलं, शेजारचं वर्तमानपत्र उचललं आणि तोंडासमोर धरलं.