आन आजीची पेटी

“पंचनाम्यात शवपेटी असं नाही लिहिता येत, मावशी,” तालुक्याचा कारकून मो म्हणाला. “‘लाकडी सामान’ लिहितो. अंगठा द्या.”

साक्षीदार म्हणून द्यायचा आपला अंगठा रान छुनथाओने मुठीत मिटून घेतला. समोर आन आजीचा गोठा अर्धाच उभा होता. उरलेल्या अर्ध्यावर तीन दिवसांपूर्वी, उडालेल्या रॉकेटमधून सुटलेलं बसएवढं नळकांडं पडलं होतं. पिवळ्या धुराचा उग्र वास अजून घशाला लागत होता. रॉकेटच्या तळावरून आलेली, मास्क लावलेली आठ माणसं ते नळकांडं ताडपत्रीत गुंडाळत होती, ओल्या बाळंतिणीला पांघरूण घालावं इतक्या हळुवारपणे. गोठ्यात ठेवलेल्या शवपेटीच्या फळ्या मात्र त्यांनी फावड्याने उकिरड्याकडे लोटल्या होत्या.

ती पेटी आजीला साठी भरली तेव्हा तिच्या नवऱ्याने करवून घेतली होती. या डोंगरात साठीनंतर पेटी नसलेला माणूस उघड्यावर पडल्यासारखाच. दर नववर्षाआधी आजी स्वतः तिच्यावर काळ्या रोगणाचा एक हात फिरवी. बावीस हात झाले होते. एरवी आत मका साठवी. उंदीर लागत नाहीत म्हणून पेटीचं कौतुक सांगे.

छुनथाओचं काम एवढंच, की रॉकेटच्या उड्डाणाची सूचना आली की घराघरातून माणसं काढून शाळेच्या मैदानावर न्यायची आणि डोकी मोजायची. अकरा वर्षांत एकही डोकं चुकलं नव्हतं. आजी दर वेळी अडून बसे. पेटीला एकटं टाकून येणार नाही म्हणे. दर वेळी छुनथाओ सांगे, “चल की आजी. पेटीला काही होत नाही, आणि झालं तर मी आहे.” त्या दिवशीही हेच सांगून तिने आजीला पाठुंगळी नेलं होतं.

मो समजावत होता. दहनाचा नियम आलाय, आता पुरायचं नाही, म्हणजे पेट्या करायच्याच नाहीत. मग जी वस्तू असायलाच नको ती फुटली असं कसं लिहायचं? शिवाय एकही माणूस दगावला नाही म्हणून वर गावाचं कौतुक होणार होतं. आणि आजी तर अजून धडधाकट आहेत, मग घाई कसली?

हा मो पलीकडच्याच खिंडीतला. याच्या आजोबांचीही पेटी माळ्यावर असणार, हे छुनथाओला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिच्या अंगाची जास्त लाही झाली.

“सामान नव्हतं ते, मो साहेब. तिचं घर होतं,” ती म्हणाली. “तुम्ही पाडलंत. तसं लिहा, मग अंगठा देते.”

मोने ‘साक्षीदार गैरहजर’ असं लिहिलं आणि तो निघून गेला.

आजी रडली नाही. फक्त म्हणाली, “झालं तर तू होतीस ना गं?”



सहा आठवड्यांनी पुढची सूचना आली. छुनथाओ दारोदार गेली आणि या वेळी प्रत्येक दारात एक वाक्य जास्त बोलली. एरवी गाव रिकामं व्हायला अर्धा तास पुरे. या वेळी सगळी सकाळ लागली. दोर आले, बांबू आले, शिव्या आल्या. एकीने तर कुरकुर केली, की नवऱ्याची पेटी थेट नवऱ्यावर गेलीये, चौघांनी ढकलल्याशिवाय हलत नाही.

मो तपासणीला आला तेव्हा मैदानावर तेरा काळ्या पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या. आपापल्या पेटीवर म्हातारी माणसं सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती.

“मावशी, हे काय चाललंय?”

“तुमच्या नियमात नाहीत ना पेट्या? मग तुम्हाला दिसायच्या पण नाहीत. माणसं मोजा.”

तो बोट पुढे करून मोजत निघाला. सातव्या आणि आठव्या पेटीच्या मधे बरोबर एका पेटीएवढी जागा सोडलेली होती. सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तिथे मातीवर बुटकं स्टूल टाकून आन आजी बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. मो तिच्यापाशी थांबला, आकडा विसरला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.