अडतीसचं ॲव्हरेज

ऑफिसात मला थेंबमोज्या म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मला रागही येत नाही, कारण गेली अकरा वर्षं मी खरोखरच थेंब मोजतोय. आमचं मासिक मोटरसायकलींचं. त्याच्या शेवटच्या पानावर 'खरं ॲव्हरेज' नावाचं माझं सदर असतं. कंपनी छातीठोकपणे सांगते पंचेचाळीस. मी म्हणतो, थांबा जरा, आधी मला चालवून बघू द्या.

पद्धत अगदी साधी आहे. टाकी गळ्यापर्यंत भरायची, ठरलेल्या रस्त्यावर एकशे साठ किलोमीटर चालवायची आणि त्याच पंपावर, त्याच नळीने पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावलं तेवढं जळलं. पुढचा भागाकार कुणालाही येतो. मेख एकच. दोन्ही वेळा गाडी सरळ उभी पाहिजे. या मधल्या आकाराच्या गाड्यांना हल्ली मेन स्टँड देत नाहीत, म्हणून भरताना आमचा फोटोग्राफर हँडल धरून गाडी सरळ उभी करतो. साइड स्टँडवर लावली की गाडी डावीकडे कलते, उजवीकडे जागा रिकामी राहते आणि पेट्रोल गळ्याशी लवकर येतं. जवळजवळ लिटरभर कमी मावतं. हे मी सदरात सहा वेळा तरी लिहिलंय, तेही वाचकांना दमात घेऊन.

त्या दिवशी दुसऱ्यांदा टाकी भरायच्या वेळी फोटोग्राफरला घरून फोन आला आणि तो बोलत बोलत लांब गेला. मागे रांग लागलेली. एक ट्रकवाला हॉर्नवरून हात काढायला तयार नव्हता. माझी कंबर तर केव्हाच कामातून गेली होती. मी म्हटलं, मरू दे, आणि गाडी साइड स्टँडवर लावली. चार पूर्णांक दोन लिटर मावलं. ॲव्हरेज अडतीस.

संध्याकाळी ऑफिसात जुनी वही काढली. हेच इंजिन दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मॉडेलमध्ये होतं आणि मी स्वतः त्याचं एकतीस लिहिलेलं. त्याच क्षणी मला सगळं कळलं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. पण गाडी सकाळी परत द्यायची होती, पान परवा छापायला जाणार होतं आणि संपादक अडतीस ऐकून खूश झाले होते. हात थरथरला वगैरे काही नाही. अडतीस लिहिलं, चहा प्यायलो आणि घरी गेलो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज बिनघोर झोपलो असतो. पण माझी धाकटी बहीण माझं सदर वाचते. आम्ही सगळे तिला छोटी म्हणतो, वय वर्षं छत्तीस असलं तरी. ती डोळे तपासते. भिंगांची पेटी घेऊन पठारावरच्या लांबलांबच्या शाळांत जाते आणि कुणाला फळा दिसत नाही ते शोधून काढते. जाऊन येऊन फेरी दोन दिवसांची, तीनशे नव्वद किलोमीटरची, आणि शहर सोडलं की पंप नाही. जुन्या गाडीला ती मागे पेट्रोलचा पाच लिटरचा डबा बांधायची. तिच्या ऑफिसला व्हॅन मिळणार, मिळणार म्हणून चार वर्षं गेली. हिने मात्र एकदाही फेरी चुकवली नाही.

"दादा, तू लिहिलेलीच गाडी घेतली," तिने फोनवर सांगितलं. "टाकी बारा लिटरची. बारा गुणिले अडतीस, चारशे छप्पन्न. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

"मग डबा नेऊ का नको? पेटीला जागा पुरत नाही."

सांगायची वेळ ती होती. मी म्हणालो, "डबा कशाला वागवतेस? उगाच वास."

दोन फेऱ्या पावसाने रस्ता बंद असल्यामुळे अर्ध्याच झाल्या. तिसरी पूर्ण झाली, म्हणजे होता होता राहिली. घर अठरा किलोमीटरवर असताना भर दुपारी गाडी बंद पडली. टाकीत खडखडाट. तिने गाडी सात किलोमीटर ढकलली. एका उतारावर ती हातातून सुटली आणि पेटीसकट आडवी झाली. दोनशेच्या वर भिंगांपैकी निम्मी फुटली, तिचं उजवं मनगट मोडलं. मग एक टेम्पोवाला भेटला.

मी धावतपळत तिच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. आई शेजारी बसून एकेक भिंग कापडाने पुसत होती आणि फुटकी परातीत टाकत होती. मेहुणा दारात उभा होता, कुणावर तरी चिडायचं होतं पण माणूस सापडत नव्हता असा.

"पेट्रोलचा दिवा लागला नव्हता का?" मी विचारलं. विचारायला जीभ तरी कशी रेटली कोण जाणे.

"लागला की. शेवटच्या शाळेच्याही आधी लागला," छोटी म्हणाली. "तिथे मास्तरांच्या गाडीतून दोन लिटर काढून घेता आलं असतं. पण मी म्हटलं, दिव्याचं काय, तो घाबरट असतो. दादाचा आकडा आहे ना."

माझी नजर तिच्या प्लास्टरवर गेली.

"तुझं नाही रे चुकलं," तीच मला समजावू लागली. "माझाच हात जड. गिअर उशिरा टाकते, हे तर मला कधीपासून बोलतात."

आणि मी काय केलं? मान हलवली. वर म्हणालो, "पठारावर समोरून वारा असतो. शिवाय पेटीचं वजन. टायरमधली हवा तपासली होतीस?" प्रत्येक वाक्यागणिक ती 'हो ना, हो ना' करत होती आणि मी स्वतःला वाचवत होतो. इतका हलकट मी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"ते काही नाही," मेहुणा म्हणाला. "फेरी बंद. गाडी विकून टाकू. चष्म्याच्या दुकानात बसायला तिथले लोक हिला कधीचे बोलावतायत."

"तुला चालेल?" मी छोटीला विचारलं.

"चालेल न चालेल कसलं? इतकी चांगली गाडी मला चालवता येत नाही म्हटल्यावर काय करणार?" ती परातीकडे बघत म्हणाली. "शेवटच्या शाळेत एक मुलगी आहे, वही अशी नाकाला लावते. तिचा नंबर काढून आणला होता. आता तिच्याकडे कोण जाईल, बघू."

पुढचे आठ दिवस मी रोज फोन उचलला आणि रोज ठेवला. संपादकांपाशी विषय काढला तर ते म्हणाले, "तीन महिने झाले आता, कोण लक्षात ठेवतंय?" लक्षात ठेवणारी माझ्याच घरातली होती.

रविवारी गाडी बघायला माणूस येणार होता. मेहुण्याने मला मुद्दाम बोलावलं, गाडीतलं कळणारा एक जण असावा म्हणून. गिऱ्हाईक भला माणूस दिसत होता. टायर दाबून पाहिले, चेन हलवून पाहिली आणि मग सगळे विचारतात तेच विचारलं, "ॲव्हरेज काय देते?"

छोटी पायरीवर बसली होती. म्हणाली, "अडतीस. मला नाही मिळालं, पण तो दोष माझा, गाडीचा नाही. हा माझा भाऊ. हाच मोजतो. छापून आलंय."

माणसाने माझ्याकडे बघितलं. आईनेही बघितलं. आईच्या चेहऱ्यावर नेहमीचं कौतुक होतं, ते मला सहन झालं नाही.

"एकतीस देते," मी म्हणालो. "जपून चालवली तर बत्तीस."

"अरे, तूच तर..." मेहुणा म्हणाला.

"मी भरताना साइड स्टँडवर लावली होती. पेट्रोल कमी मावलं. आकडा खोटा आहे. छोटी नीटच चालवते. एकतीसने बारा लिटरमध्ये तीनशे बहात्तर होतात. बरोबर तेवढ्यावरच तिची गाडी थांबली."

गिऱ्हाईक 'कळवतो' म्हणून निघून गेला. मेहुणा तोंडाला येईल ते बोलला आणि मी ऐकून घेतलं. छोटीने एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

"म्हणजे मी डब्याचं विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"सात किलोमीटर मी स्वतःला शिव्या घालत होते, दादा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ती उठून आत गेली.

पुढच्या अंकात मी चूक छापली, साइड स्टँडसकट. संपादकांनी ती कोपऱ्यात टाकली, पण छापली. गाडी विकली गेली नाही. दीड महिन्याने प्लास्टर निघालं, भिंगं नवीन आली आणि छोटीने दुकानवाल्यांना नाही म्हणून कळवलं. पहिल्या फेरीच्या सकाळी तिने मला पंपावर बोलावलं. मी आनंदाने गेलो.

"सरळ धर," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी हँडल धरलं. तिने वाकून टाकीच्या गळ्यात बघितलं, मग बाजूला जाऊन चाकांकडे बघितलं, गाडी खरंच सरळ आहे का ते. माझ्या अकरा वर्षांत कुणी असं तपासलं नव्हतं. काठोकाठ भरल्यावर तिने खिशातून स्वतःची छोटी वही काढून किलोमीटर लिहिले. मागे पेटी होती आणि पेटीवर डबा, दोरीने करकचून बांधलेला.

परत आल्यावरही तिने गाडी धरायला मलाच बोलावलं. पेट्रोल भरलं, वहीत भागाकार केला.

"किती आलं?" मी विचारलं.

"आलं काहीतरी," ती म्हणाली आणि वही मिटून खिशात ठेवली. "त्या मुलीला चष्मा बसला नीट."