गोदूच्या पलटणीचा चौकोन

रविवारी दुपारी गोदू अलीच्या दुकानामागचा जिना चढली, ती काखेत रिकामी टोपली घेऊनच. पैज तशीच लागली होती. आज हरली, तर तिची मातीच्या शिपायांची फौज टोपलीत भरून घरी न्यायची आणि पुन्हा अलीच्या खेळाच्या टेबलावर मांडायची नाही. दिवाळीचा किल्ला हीच मग तिची जागा.

"टोपली मोठी आणलीस ना, गोदूबाय?" अली म्हणाला.

"तुझे घोडे मावतील एवढी आनलीय. तू कालजी करू नको."

अली मस्कतहून परतला तेव्हा सोबत एक पेटी होती. पेटीत शिशाचे शिपाई आणि नेपोलियनच्या लढाया टेबलावर खेळायचा नाद. एक शिपाई म्हणजे खरे तीस-चाळीस समजायचे, एक रांग म्हणजे एक पलटण. गोदू बघायला म्हणून आली आणि तिथंच रमली. ऑस्ट्रियाचे शिपाई मिठासारखे पांढरे डगले घालत, एवढं कळल्यावर मिठागरवाल्याच्या या लेकीनं दुसरी फौज बघितलीच नाही. माहेरच्या, उरणकडच्या बांधाची चिकण माती आणून तिनं अख्खी फौज घडवली आणि चुन्यानं पांढरी केली. हात सरावलेलाच होता. जन्मभर दिवाळीचे मावळे तिनंच केले होते.

घोळ तिथंच झाला. किल्ल्यावरच्या मावळ्यांची तोंडं बघायला येणाऱ्यांकडे असतात. गोदूनं हेही शिपाई तसेच, दर रांगेला एक लांब पुठ्ठा घेऊन, सगळे समोर बघत चिकटवले. दिसायला झक्क! पण अलीचे घोडेस्वार मागून आले की पलटण आडवी. घोडदळापुढं पायदळानं चौकोन करायचा, चारी बाजूंना संगिनी रोखायच्या, हा त्या काळचा साधा नियम. गोदूची पलटण वळणार कशी? दर रविवारी हेच. वर तिची माती अलीच्या हिरव्या कापडावर झडायची, तो वैताग वेगळा.

डाव सुरू झाला. पंच शैलेश सर, शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर. गोदूच्या तोफांनी अलीची डावी बाजू चांगलीच भाजून काढली. पण उजवीकडच्या टेकडीवर तिची एकच पलटण उरली होती. टेकडी गेली की डाव गेला. अलीनं चिलखती घोडेस्वार टेकडीला वळसा घालून नेमके पाठीमागं आणून उभे केले.

"आता काय करशील? सांग तुझ्या शिपायांना, जरा मान वळवा म्हणून."

"पलटन चौकोन करतेय," गोदू म्हणाली.

सर पुढं वाकले. "गोदूताई, तोंडं चारी दिशांना दिसल्याशिवाय चौकोन धरता येत नाही. पुठ्ठा तर एकच आहे."

गोदू टेबलाकडे बघत राहिली. तिला बापाचं मिठागर दिसलं, चारी अंगांनी बांध घातलेलं. बाप म्हणायचा, भरतीचं पाणी आपलं तोंड कुठं आहे ते बघून येत नाय.

तिनं कनवटीची पानाची चंची सोडली. अली हसला. "खा, पान खा. हरताना तोंड रंगलेलं बरं."

चंचीतून निघाला अडकित्ता. गोदूनं पलटण उचलली आणि आपल्याच हातांनी घडवलेल्या रांगेखालच्या पुठ्ठ्यावर तो चालवला. कच्च! मग पुन्हा. ढोलवाला उडून खाली पडला, त्याचा पाय मोडला. तिचा हात थांबला नाही. पुठ्ठ्याचे चार तुकडे झाले. तिनं ते टेकडीवर पाठीला पाठ लावून ठेवले. चारी बाजूंना पांढरे डगले, चारी बाजूंना संगिनी.

"हे चालतं?" अली ओरडला.

सरांनी चष्मा सावरला. "पलटण तिची, चाल तिची. कापू नये असं कुठंच म्हटलेलं नाही. चौकोन झाला. आता दोन्ही फाशांवर सहा पडले, तरच तुझे घोडे आत शिरतील."

अलीनं "बिस्मिल्ला" म्हणून फासे टाकले. एक पाच, एक दोन.

घोडे माघारी फिरले, ते थेट गोदूच्या तोफांच्या तोंडावर. दोन चालींत हिरव्या कापडावर अलीचं घोडदळ उरलं नाही.

"गोदूबाय," अलीनं कपाळावर हात मारला, "दहा वर्षं मस्कतमध्ये खेळलो. सुपारीच्या हत्यारानं कोणी मारलं नव्हतं!"

"मंग आज शिकलास."

तो उठला. काचेच्या कपाटातले शिशाचे घोडेस्वार त्यानं एका अंगाला सारले आणि मधल्या फळीवर तो मातीचा चौकोन स्वतःच्या हातानं मांडला. लंगडा ढोलवाला त्यानं अलगद आत, चारी तुकड्यांच्या मधोमध ठेवला. "जखमी आतच असतात," तो म्हणाला.

गोदू टोपली हलवत जिना उतरली. खाली मासळी घेऊन बसलेल्या ओळखीच्या बाईनं विचारलं, "काय गो, टोपली रिकामीच?"

"जिंकले म्हनून तर रिकामी हाय!" गोदूनं टोपली तिच्यापुढं आदळली. "भर बोंबील. आज घरात सगल्यांना जेवन माज्या हातचं."