मॅलॅकीचं घड्याळ

फेलिम गार्वीने डोळे मिटले तेव्हा त्याच्या बहिणीने, ॲट्रॅक्टाने, रिवाजाप्रमाणे आधी भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, आरशावर चादर टाकली आणि मग चहाचं आधण ठेवलं. बाहेरच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवली आणि गाव येऊन बसू लागलं.

पण गावाला झालं होतं काय कोण जाणे. फेलिम नावाजलेला लेखक. देशभर लोक त्याची वाक्यं एकमेकांना ऐकवायचे. डब्लिनहून काळ्या कोटातली माणसं आली होती आणि त्यांच्यासमोर गावातल्या एकेकाची दातखीळ बसली होती. "थोर माणूस होता," म्हणायचे, सँडविच उचलायचे, गप्प. मयताच्या घरी कुणी हसलं नाही म्हणजे क्लेअर परगण्यात नाचक्कीच. जन्मभर लोकांना हसवणारा आपला भाऊ असा मुक्याने जाणार, याचं ॲट्रॅक्टाला फार वाईट वाटत होतं. पण खरी टोचणी दुसरीच होती. आजारात शेवटी शेवटी फेलिम सारखा विचारायचा, "मॅलॅकी येईल का गं?"

मॅलॅकी टूही म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी, शाळेपासूनचा जोडीदार. फेलिमने पहिल्याच पुस्तकात त्याला जसाच्या तसा उतरवला होता: झिजू नये म्हणून रात्री घड्याळ बंद करून झोपणारा चिक्कू शेतकरी. पुस्तक गाजलं आणि पोरंटोरं "किती वाजले, काका?" विचारून पळू लागली. मॅलॅकीने या घराचं नाव टाकलं ते टाकलंच. फेलिमनेही कधी माफी मागितली नाही. म्हणायचा, "माफीत विनोद कुठे घालायचा, तेच सुचत नाही."

"तो कसला येतोय!" डिम्फ्ना शेजारीण कप विसळता विसळता म्हणाली. "फुकटचं भांडण आहे, मरेपर्यंत पुरवून वापरेल."

आणि मॅलॅकी दारात उभा. ठेवणीतला कोट, टोपी हातात. तो सरळ पेटीपाशी गेला, गुडघे टेकले, प्रार्थना म्हणाला आणि कण्हत उठला. उठताना त्याची नजर भिंतीवर गेली.

"हं," तो म्हणाला. "शेवटी तूही घड्याळ वाचवायला लागलास, फेलिम."

मग डिम्फ्नाच्या नाकातून चहा आला, आणि सगळं घर हसायला लागलं. काळे कोटसुद्धा. एकाला फेलिमचा शाळेतला किस्सा आठवला, दुसऱ्याला चर्चमधला, व्हिस्कीची बाटली फिरू लागली. ॲट्रॅक्टा हसली आणि हसता हसता दोन दिवसांत पहिल्यांदा रडली.

मॅलॅकी मात्र हसला नाही. पेटीवर किंचित वाकून, कान देऊन उभा राहिला. फेलिम कुणाचंही देणं लगेच परत करायचा. आजवर त्याने एकही टोमणा उत्तराशिवाय सोडला नव्हता.

"बोल की लेका," मॅलॅकी हळूच म्हणाला. "इतकी वर्षं तुला असं काहीतरी ऐकवायला टपलो होतो."

ॲट्रॅक्टाने त्याचा दंड धरला. "तुझी वाट बघत होता रे तो. या वेळी तू जिंकलास."

"तो गप्प असताना जिंकून काय करू?"

दुसऱ्या दिवशी पेटीचा पुढचा खांदा मॅलॅकीनेच दिला. दफन उरकून माणसं घरी परतली, आरशावरची चादर निघाली. आता घड्याळ पुन्हा सुरू करायचं. ॲट्रॅक्टाने किल्ली मॅलॅकीच्या हातात दिली. त्याने किल्ली घड्याळाला लावली, पण फिरवली नाही.

मग त्याने किल्ली ॲट्रॅक्टाला परत दिली.

"अजून थोडा वेळ बंदच राहू दे गं," तो म्हणाला.